पहिला वार राखणदाराचा

कन्नड तालुक्यातले पिशोर अंजना नदीच्या काठी वसले आहे. उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराचाच पश्चिमेकडचा भाग. तो संपला की घाट खाली उतरतो आणि खानदेश सुरू होतो. 1818 ते 1947 या काळात ही रांग दोन राज्यांची शीव होती. घाटाखाली इंग्रजांचे राज्य होते आणि घाटावर निजामाचे. चाळीसगावच्या कुणब्याचा सारा मुंबई सरकारच्या खजिन्यात जाई, पिशोरच्या कुणब्याचा हैदराबादच्या. बाजारहाट, सोयरीक आणि दुष्काळ मात्र दोघांचे एकच होते. घाट राखणाऱ्या भिल्लांना तर ही शीव कधीच कळली नाही. कळली तेव्हा ती पळून जायला सोयीची म्हणून.

परक्या राज्याविषयीच्या तक्रारी हातघाईवर केव्हा येतात, या प्रश्नाचा आढावा घ्यायला ही जागा चांगली आहे. माणसे तीच, जमीन तीच, आणि दोन वेगळ्या सत्ता शेजारी नांदताना दिसतात. शाळेच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. आधी कारणांची यादी येते: जादा सारा, सावकारी, धर्मात ढवळाढवळ, नोकऱ्यांत परके. मग ‘तात्कालिक कारण’ येते आणि पुढच्या ओळीत उठाव होतो. अडचण अशी की ती यादी सगळ्या काळाला आणि सगळ्या गावांना सारखीच लागू पडते. सारा जाचक नव्हता असे साल शोधून सापडायचे नाही. मग 1819 सालीच का, 1857 च्या जूनमध्येच का, 1938 च्या ऑक्टोबरातच का? आणि ज्या शेकडो गावांत तक्रार तितकीच कडू होती, तिथे काहीच का घडले नाही?

अभ्यासकांनी याची तीन तऱ्हेची उत्तरे दिली आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या गॅझेटियरांत हा सगळा प्रकार दरोडेखोरीचा आणि बंदोबस्ताचा आहे. सावरकरांच्या 1909 साली प्रसिद्ध झालेल्या सत्तावनवरील ग्रंथापासून राष्ट्रीय दृष्टी आली. तिच्या लेखी स्वातंत्र्याची इच्छा आधीपासून होतीच, फक्त संधी हवी होती. 1983 साली रणजित गुहांनी शेतकऱ्यांच्या उठावांना त्यांचे स्वतःचे राजकारण असते, ते मुळीच आंधळे नसतात, हे साधार मांडले. त्यांच्याही आधी, 1856 मध्ये, तॉकव्हिलने फ्रान्सबद्दल लिहिताना उलटीच गोष्ट नोंदवली होती: जुलूम कमाल असतो तेव्हा लोक गप्प बसतात, तो थोडा सैल होऊ लागला की उसळतात. या सर्वांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण आपल्या मुलखातल्या पहिल्या चकमकी एकापुढे एक मांडल्या की एक गोष्ट वारंवार दिसते, आणि तिला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही. पहिला वार बहुधा सर्वांत पिळलेल्या माणसाने केलेला नाही. तो राखणदाराने केला आहे. किल्ल्याचा गडकरी, घाटाचा नाईक, रिसाल्यातला जमादार ही सगळी काल-परवापर्यंत सरकारच्याच कामावर असलेली माणसे. सरकार आणि रयत यांच्या मधल्या उंबऱ्यावर ती उभी असत. त्यांना दिलेला शब्द मोडला की तक्रारीला हत्यार मिळते, वाटा ठाऊक असलेली माणसे मिळतात, आणि हुकूम देण्याची सवय असलेला म्होरक्याही मिळतो.

सुरुवात घाटातल्या भिल्लांपासून केली पाहिजे, कारण पुरावा तिथे सर्वांत दाट आहे. गावाची आणि घाटाची राखण भिल्ल नाईकांकडे, आणि त्याबदल्यात गावाकडून हक्क, ही व्यवस्था जुनी होती. ती इंग्रजांनी मोडली असे सरसकट म्हणणे खरे नाही. 1802 ते 1804 या काळात होळकरांच्या स्वाऱ्यांनी आणि पाठोपाठच्या भीषण दुष्काळाने खानदेश ओसाड झाला, गावे उठली, हक्क देणारेच उरले नाहीत. भिल्ल डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. पेशवाईच्या अंमलदारांनी त्यावर काढलेला उपाय वाचवत नाही. 1804 मध्ये बाळाजी लक्ष्मणाने कोपरगावला भिल्लांना सलोख्याच्या नावाखाली बोलावून त्यांची कत्तल केली. आपल्या कन्नड तालुक्यातल्या अंतूरच्या कड्यावरून शेकडो भिल्लांना लोटून दिल्याची नोंद खानदेशच्या गॅझेटियरमध्ये आहे. आज अंतूरवर जाणाऱ्या गिर्यारोहकांना दरवाजे, शिलालेख, टाकी दाखवतात. कड्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. वासाहतिक काळातल्या तक्रारींचा हिशेब करताना आपल्याच माणसांच्या खात्यावरची ही बाकी पुढे ओढावी लागते, नाहीतर हिशेब खोटा पडतो.

1818 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशात आला. त्याने एका हाताने फौजेकरवी डोंगराच्या वाटा रोखल्या आणि दुसऱ्या हाताने नाईकांना तैनाती देऊ केल्या. हिशेबाच्या वहीत हे ठीक होते. पण गावाकडून मानाने मिळणारा हक्क आणि कचेरीतून मिळणारी रक्कम यांत फरक असतो. पहिल्यात नाईक हा नाईक राहतो, दुसऱ्यात तो अर्जदार होतो. 1819 मध्ये सातमाळ्यापासून सातपुड्यापर्यंत भिल्ल उठले. त्यांचा म्होरक्या चिल नाईक याला फाशी झाली, तरी पुढची सहा वर्षे मुलूख शांत झाला नाही. 1825 मध्ये बागलाणात शेवराम नावाच्या सोनाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे फिरवली आणि भिल्ल त्याच्याभोवती जमले. पत्रे खोटी होती, पण ती खपली हे महत्त्वाचे. सातारचा राजा आपल्याला कामावर ठेवतो आहे, ही कल्पना त्या लोकांना हवीहवीशी होती. आपली राखणदारी मान्य करणारा कोणी तरी धनी त्यांना हवा होता.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याला हे उमगले असावे. त्याच साली धोरण बदलले आणि तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. दक्षिणेकडच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला आले. तिथे शेतीसाठी जमिनी, बैल, तगाई देऊन भिल्लांना बसवण्याचे काम चार्ल्स ओव्हन्सने केले. (हाच ओव्हन्स पुढे साताऱ्याला रेसिडेंट झाला आणि 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्याच्या प्रकरणात पुढे होता. डोंगरात एक आणि दरबारात दुसरे, असे साहेब आपल्या इतिहासात बरेच आहेत.) धरणगावला जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली. सुरुवातीला जेमतेम नऊ माणसे आली, दोन-तीन वर्षांत संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला अजून याच औट्रमचे नाव आहे. ज्यांना फौज सहा-सात वर्षे काबूत आणू शकली नाही, त्यांनाच पुन्हा राखणदार केल्यावर बंड निवले. सारा तोच राहिला, सावकार तोच राहिला, जंगलही मोकळे झाले नाही.

याची उलटतपासणी 1852 मध्ये झाली. त्या साली खानदेशात जमिनीच्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल, चोपडा या भागांत हजारो शेतकरी जमले. पाहणी झाली की सारा वाढणार हा त्यांचा संशय होता. मोजणीची माणसे हुसकावली गेली, कचेऱ्यांपुढे गर्दी झाली. सरकारने फौज पाठवली; तिच्यात भिल्ल पलटणही होती. म्होरके पकडले गेले आणि काही आठवड्यांत सारे थंड झाले. गर्दी भिल्लांच्या कोणत्याही टोळीपेक्षा कितीतरी मोठी होती आणि तक्रार अगदी रास्त होती. पण राखणदार या वेळी सरकारच्या बाजूला उभा होता.

1875 चे दख्खनचे दंगे याच जातीचे. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली आणि ते लोण नगरपर्यंत पसरले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव 1865 नंतर कोसळला, त्याच सुमारास फेरपाहणीत सारा वाढला आणि दोन्हींमधली फट सावकाराने भरली. या दंग्यांत माणसे मारण्यावर भर नव्हता. कागद जाळायचा होता. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. मला हा सगळा प्रकार क्रांतीच्या अगदी दाराशी येऊन परतलेला वाटतो. शेतकऱ्याचा राग सावकारावर होता आणि सरकार त्याला अजून पंच वाटत होते. चार वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांनी तो राग सरकारकडे वळवायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्यामागे शेतकरी आले नाहीत, रामोशी आले. 23 फेब्रुवारी 1879 ला धामारीवर पहिला छापा पडला. फडके स्वतः पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातले कारकून होते आणि रामोशी पिढीजात राखणदार. 

रामोश्यांची ही पहिली वेळही नव्हती. पुरंदरच्या रखवालीचे हक्क गेल्यावर उमाजी नाईक उठला आणि 1832 च्या फेब्रुवारीत फासावर गेला. 1844 मध्ये कोल्हापुरात गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदारांच्या ताब्यात घेण्याचा हुकूम झाला; सामानगडाने दरवाजे बंद केले, मग भुदरगडाने, मग पन्हाळ्यावर गोऱ्या रेसिडेंटलाही काही काळ कोंडून ठेवल्याचे प्रकरण झाले. औट्रम तिथेही मोहिमेवर होता. गोव्यात पोर्तुगीजांच्या राज्यातही हेच. सत्तरीच्या दीपाजी राण्याने 26 जानेवारी 1852 ला नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन-साडेतीन वर्षांनी सरकारला त्याच्याशी तह करावा लागला. 1895 मध्ये गोव्याच्या फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम सुटला, त्यांनी तो धुडकावला आणि ते थेट सत्तरीत शिरले. तिथे दादा राणे त्यांना मिळाले.

दूर पाठवण्याचा हा धाक औरंगाबादच्या छावणीत अडतीस वर्षे आधी नेमका असाच उभा राहिला होता. त्याकडे जरा सावकाश पाहू, कारण मराठवाड्यातली सत्तावनची पहिली चकमक तीच आणि तिच्याबद्दल आपल्याकडे नाव जास्त आणि माहिती कमी आहे.

औरंगाबादेतले स्वार कंपनीच्या बंगाल फौजेचे नव्हते. ते हैदराबाद कंटिंजंटचे होते: खर्च निजामाचा, अंमलदार इंग्रज. याच फौजेच्या थकलेल्या पगारापोटी 1853 च्या मे महिन्यात निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे लावून द्यावे लागले होते. म्हणजे या फौजेमुळे धन्याने एक अख्खा सुभा गमावला होता, आणि फौज मात्र धन्याची राहिली नव्हती. स्वार शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा, हत्यार, सरंजाम त्यांचा स्वतःचा. अशा माणसाची नोकरी ही करारासारखी असते. आपण दख्खनसाठी चाकरीला राहिलो, अशी त्याची समजूत होती.

1857 च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या रिसाल्यात बोलवा पसरली की आपल्याला दिल्लीकडे, बादशहाविरुद्ध नेणार. स्वारांनी शपथा घेतल्या, छावणीत चौकी-पहारे स्वतःच्या हातात घेतले. गंमत अशी की त्यांनी या टप्प्यावर कोणालाही मारले नाही. इंग्रज अंमलदारांशी बोलणी चालू राहिली. आम्हाला दख्खनबाहेर नेऊ नका, एवढेच म्हणणे होते. रिसाल्याचा अंमलदार कॅप्टन ॲबट याने त्यांना तशी हमीही दिल्याचे सांगतात. दहा-बारा दिवस छावणी अशी अर्धवट स्थितीत होती. मग जनरल वुडबर्न पुणे-नगरकडून चौदाव्या लाइट ड्रॅगून्सचे गोरे स्वार, पंचविसावी देशी पलटण आणि तोफा घेऊन आला. रिसाल्याला हत्यारे खाली ठेवायला सांगितले गेले आणि नावे पुकारायला सुरुवात झाली. तिथे तोल गेला. काही स्वार घोड्यावर बसून निसटले. मीर फिदा अली या दफेदाराने ॲबटवर गोळी झाडली, ती चुकली, त्याला फाशी झाली. पुढच्या दिवसांत आणखी माणसे फासावर गेली, काहींना तोफेच्या तोंडी दिले. शहरातला क्रांती चौक आणि तिथला काळा चबुतरा यांच्याशी ही आठवण जोडली गेली आहे.

गोळी झाडली गेली ती शिस्तभंगाच्या दिवशी नव्हे, हमी दिल्यानंतर तोफा आल्या त्या दिवशी. काडतुसांची कथा औरंगाबादेत फारशी लागू नाही. इथे तक्रार एका अटीची होती, आणि अट पाळू असे सांगून ती मागणारी माणसे शोधून काढली गेली. निसटलेल्यांपैकी जमादार चिद्दाखान आपल्या साथीदारांसह आश्रय मिळेल म्हणून हैदराबादला पोचला. दिवाण सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेन्सीच्या स्वाधीन केले. शहर खवळले, आणि 17 जुलै 1857 ला तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यामागे रोहिल्यांचा जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. मागणी चिद्दाखानाच्या सुटकेची होती. हल्ला फसला. तरी औरंगाबादच्या छावणीतली ती सकाळ आणि हैदराबादच्या रेसिडेन्सीवरचा तो हल्ला यांच्यात एका जमादाराच्या अंगावरून जाणारा सरळ धागा आहे. वुडबर्न औरंगाबादेतच रेंगाळला याचाही परिणाम झाला. त्याने तातडीने महूकडे जावे असा मुंबईचा आग्रह होता. 1 जुलैला महू आणि इंदूर उठले.

त्याच पावसाळ्यानंतर घाटाखाली दोन नावे वर आली. भागोजी नाईक नगरच्या पोलिसात अंमलदार होता. 1855 मध्ये दंगा आणि अडथळ्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला गेला. 4 ऑक्टोबर 1857 ला नांदूर शिंगोट्याजवळ पोलीस सुपरिंटेंडंट हेन्री त्याच्या लोकांच्या गोळीने मेला. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाचा सरकारी राखणदार होता. 1851 मध्ये एका कैद्याच्या मृत्यूवरून त्याची नोकरी गेली आणि तुरुंगवास झाला. नोव्हेंबर 1857 मध्ये त्याने त्याच घाटात सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. दोघांची प्रकरणे समोर ठेवली तर दरोडेखोर आणि क्रांतिकारक अशी वाटणी किती कुचकामी आहे ते कळते. दोघांचाही राजसत्तेकडून झालेला अपमान व्यक्तिगत होता आणि दोघांच्याही मागे आलेल्या शेकडो लोकांना तो आपला वाटला. सरकारनेही ओळखीचाच उपाय केला: डोंगरातल्या कोळ्यांची एक नवी पलटण कॅप्टन नटॉलच्या हाताखाली उभी राहिली. भागोजी 11 नोव्हेंबर 1859 ला मारला गेला.

हे केवळ आपल्याकडचे आहे का? अमेरिकेच्या क्रांतीची पहिली चकमक सर्वांनी ऐकलेली असते. 1765 चा स्टँप कायदा, 1773 मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, आणि त्याची शिक्षा म्हणून 1774 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतच केलेला बदल. करांवर दहा वर्षे अर्ज, बहिष्कार, भाषणे, क्वचित दंगे झाले. 19 एप्रिल 1775 च्या पहाटे लेक्झिंग्टनला रक्त सांडले ते करावरून नाही. काँकर्डला गावकऱ्यांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला सुमारे सातशे शिपाई निघाले होते. वाटेत गावच्या मैदानावर सत्त्याहत्तर माणसे उभी होती. त्यांतली आठ मेली. ही माणसे कोण? वसाहतीच्या कायद्यानेच बंदूक बाळगणे ज्यांना सक्तीचे होते असे गावरक्षक, आणि त्यांच्यातले कित्येक दहा-पंधरा वर्षांपूर्वी राजाच्या बाजूने फ्रेंचांशी लढलेले. औरंगाबादच्या छावणीत नावे पुकारली गेली तेव्हा आणि लेक्झिंग्टनला हत्यारे टाका असा हुकूम झाला तेव्हा, दोन्हीकडे प्रश्न एकच पडला होता: काल आम्हाला राखण सोपवली, आज आमच्याच हातातले काढून घेता?

फरक पुढे पडला. अमेरिकेत गावरक्षकांमागे गावसभा आणि वसाहतीची प्रतिनिधिसभा होती. मोडलेला शब्द कुठे मांडायचा ती जागा त्यांच्याकडे होती. औरंगाबादच्या स्वारांकडे ती नव्हती. त्यांना जायला हैदराबादचा दरबार होता आणि दरबाराने त्यांना बांधून दिले.

घाटावर अशी जागा निर्माण व्हायला ऐंशी वर्षे लागली. निजामी राज्यात तक्रारीचे रूप वेगळे होते. इंग्रज प्रत्यक्ष राज्य करत नव्हता, पण त्याच्या सार्वभौमत्वाच्या आधारावर निजाम टिकून होता. त्यामुळे रयतेला दोन धनी होते आणि जाब द्यायला एकही नव्हता. राज्याच्या जमिनीचा मोठा हिस्सा जहागिरी आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, यांत अडकलेला. शिक्षण आणि कारभार उर्दूतून, मराठी बोलणारे पाच जिल्हे असूनही. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान 53’ प्रमाणे आधी परवानगी हवी. खासगी शाळा काढायची तरी हवी. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि तिथली भाषा विनंतीची होती. 1938 च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली. असा विक्रम फार थोड्या सरकारांच्या नावावर असेल. 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला.

इथे राखणदाराचे माझे सूत्र अडते, हे मान्य. या लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी स्वामी रामानंद तीर्थ शाळामास्तर होते, गोविंदभाई श्रॉफ शिक्षक होते, माणिकचंद पहाडे वकील. बंदूक कोणाकडेच नव्हती. तरी सूत्र पुरते तुटत नाही असे मला वाटते. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला. मनाई झाली, संप झाला, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने घेतले; पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ही मुले कोण होती? 1918 साली निजामाने मोठ्या हौसेने काढलेल्या विद्यापीठातून तयार होणारे उद्याचे तहसीलदार, मुन्सफ, मास्तर. विसाव्या शतकात राज्याची राखण दप्तराने होत असे, आणि ते दप्तर याच मुलांच्या हाती जायचे होते. त्यांना एका प्रार्थनेवरून बाहेर काढण्याचा निर्णय निजामाच्या सल्लागारांनी घेतला, त्याची किंमत नऊ-दहा वर्षांनी कळली.

तेलंगणात त्याच राज्यात पहिले रक्त निराळ्या वाटेने सांडले. 4 जुलै 1946 ला जनगाव तालुक्यातल्या कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या मेला. तिथे राखणदार कोणी उलटला नव्हता. खासगी राखणदारांनी मारले होते आणि वेठबिगारीत पिचलेला माणूसच उठला. माझ्या म्हणण्याला ही सर्वांत मोठी हरकत आहे. मराठवाड्यातला लढा आणि तेलंगणातला लढा यांची चाल इतकी वेगळी का झाली, याचे एक कारण तिथेच असावे.

1947 च्या जूनमध्ये निजामाने आपण 15 ऑगस्टनंतर स्वतंत्र राहू असे फर्मान काढले आणि तक्रारींना तारीख मिळाली. मराठवाड्यातला लढा त्यानंतर सीमेवरच्या कॅम्पांतून चालला: सोलापूर, मनमाड, उमरखेड अशा ठिकाणांहून. आता कन्नडच्या डोंगराची शीव उलट्या दिशेने उपयोगी पडली. भिल्ल एके काळी खालून वर पळत. आता कार्यकर्ते वरून खाली उतरत आणि रात्री परत वर चढत. हल्ले कशावर झाले ते पाहिले तर तक्रारींची यादी जमिनीवर मांडलेली दिसते. करोडगिरीची नाकी जाळली, कारण खानदेशातून आणलेल्या मालावर तिथे जकात पडे. शिंदीची झाडे तोडली, कारण अबकारीचे उत्पन्न त्यांच्यावर. लेव्हीच्या धान्याची कोठारे आणि पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे हेही निशाण्यावर होते. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली गेली, रक्कम वीस लाखांहून अधिक, आणि तिचा हिशेब कार्यकर्त्यांनी नंतर सादर केला, ही गोष्ट मराठवाड्यात अजून अभिमानाने सांगतात. अनंत भालेरावांनी या लढ्याचा इतिहास लिहिताना या बारीक कामांना दिलेली जागा मला मोठ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराचा कागद जाळला होता. इथे राज्याचा कागद जळत होता.

आणि राज्याने काय केले? लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांना मोकळे रान दिले. स्वतःच्या पोलिसांवर, पाटलांवर, आपल्याच कारकुनांवर विसंबता येत नाही असे वाटले की सत्ता भाड्याचे राखणदार शोधते. त्यातून गावागावांत जे झाले त्याने तटस्थ राहिलेला माणूसही बाजू घेऊ लागला. मुसलमान असूनही भारतात विलीन व्हा असे लिहिणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्लाखान ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारला गेला. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, औरंगाबाद दुसऱ्याच दिवशी हाती आले, 17 ला शरणागती झाली.

त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तो या आढाव्यातून वगळता येत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत प्रकार सर्वांत वाईट होता. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. मेलेल्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. निजामी राज्याने गरिबीतच ठेवलेली ती माणसे होती, आणि धन्याचा धर्म त्यांच्या अंगाला चिकटला होता.

1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कूळ कायदा आला. तक्रारींच्या जुन्या यादीतल्या बऱ्याच ओळी खोडल्या गेल्या. मग सरकारने लढणाऱ्यांची यादी करायला घेतली. 1972 च्या केंद्रीय निवृत्तिवेतन योजनेत मुख्य अट तुरुंगवासाची होती. तुरुंगात न गेलेल्या, सीमेवरच्या कॅम्पांत राहिलेल्या किंवा रात्री नाके जाळून सकाळी औताला जाणाऱ्या माणसाकडे कसला दाखला असणार? पुढे कॅम्पांनाही मान्यता मिळाली, सहकाऱ्यांची प्रमाणपत्रे चालू लागली, आणि मग लबाडीही चालू लागली. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लढ्याच्या वेळी जन्मालाही न आलेल्या किंवा पाळण्यात असलेल्या लोकांची नावे यादीत निघाली. मराठवाड्यातल्या पहिल्या चकमकींचा इतिहास कोणी गावपातळीवर लिहायला बसेल तेव्हा सर्वांत जाड पुरावा त्याला याच पेन्शनच्या फायलींत मिळेल, आणि सर्वांत जास्त चाळावे लागेल तेही याच फायलींना.